हरीभाऊंना सगळं आठवतं

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून पुढे जातात. गोव्याला, अलिबागला, पुण्याला. त्यामुळे "पनवेलला चाललो" असं सांगितलं तेव्हा आमच्या सिन्नरच्या शेजारणीने विचारलंच, "आणि तिथून?" तिथून कुठेच नाही, असं म्हटल्यावर तिला माझी कीवच आली असावी.

बरोबर दादा होता. श्रीधर, माझा सख्खा मोठा भाऊ. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला, त्याला आता तीस वर्षं होत आली. आई गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. पनवेलच्या एका रुग्णालयात एक अभ्यास चालू होता आणि नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी आमची नावं तिकडे कळवली होती. हा आजार झालेला माणूस आणि त्याचं धडधाकट भावंड अशा जोड्या ते बोलावतात. दोघांचं रक्त घेतात आणि दोघांच्याही स्मरणशक्तीच्या, एकाग्रतेच्या, विचारांच्या वेगाच्या चाचण्या घेतात. एकच आजार, पण त्यात कुणाची बुद्धी फार खालावते, कुणाची तितकीशी नाही. असं का होतं आणि आईबापांकडून आलेल्या जनुकांचा त्यात किती वाटा, हे त्यांना शोधायचं होतं.

मला मात्र माझी दोन उत्तरं हवी होती. दादाचं डोकं परत येईल का? आणि माझ्या मुलीला, ऋताला, काही होणार नाही ना? ती आता एकोणीस वर्षांची आहे. दादाला झालं तेव्हा तो त्याच वयाच्या आसपास होता. त्या दिवसांत तिने नुसता दरवाजा लावून अभ्यास केला तरी मी बाहेर उभी राहून कानोसा घेत असे.

नवीन पनवेल

बाहेरगावच्यांची राहण्याची सोय रुग्णालयाने एका सेक्टरमधल्या इमारतीत केली होती. सकाळी खिडकी उघडली तर समोर कर्नाळ्याचा सुळका, आकाशाकडे अंगठा दाखवल्यासारखा. जानेवारी असूनही हवा दमट होती. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे नळाला हात लावता येत नाही. इथे लोक अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून चहाला उभे.

मी शाळेत भूगोल शिकवते. तरीही पहिल्याच दिवशी आम्ही हरवलो. रिक्षावाल्याला मी रुग्णालयाचं नाव सांगितलं, त्याने मान डोलावली आणि आम्हाला थेट रोडपालीला तलावाकाठी नेऊन उतरवलं. तिथे त्याच नावाचं दाताचं क्लिनिक होतं. चूक कुणाची, यावर आमची बाचाबाची झाली. दादा मध्ये उभा राहून तलावाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तू तरी बोल ना काहीतरी!" तो जरा वेळाने म्हणाला, "बदकं आहेत." ती बदकं नव्हती, बगळे होते. मी दुसरी रिक्षा थांबवली.

आम्ही पोचलो तेव्हा बाकावर एक जोडी आधीच बसलेली होती. बाई पन्नाशीच्या, नाकात मोठी नथनी, हातभर बांगड्या. शेजारी त्यांचा भाऊ, अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. मी त्या माणसालाच धडधाकट भावंड समजले आणि बाईंना पेशंट. कारण आम्ही बसता क्षणी तोच बोलायला लागला.

"कुठशी आलाव तुमी?"

"सिन्नरहून."

"सिन्नर म्हंजे शिर्डीच्या वाटंला. आमी गेलेलो, पंधरा वर्सां झाली. तुमच्याकडं घाटावर आमची गाडी बंद पडलेली, तवा एका बाईनं आमाला घरात घेतला, बाजरीची भाकरी दिली. वरशी लोण्याचा गोळा. वनिता, आठवतंय ना? तुना दोन खाल्लेल्या."

"एकच खाल्ली," बाई म्हणाल्या.

"दोन. मी मोजत व्हतो," तो म्हणाला आणि दोघं हसले.

हे हरीभाऊ. पनवेलच्या पलीकडच्या, विमानतळाच्या बाजूच्या एका गावातले. वनिताताई त्यांची मोठी बहीण, सासर गावातच; हरीभाऊ त्यांच्याकडेच राहतात. आणि पेशंट हरीभाऊच होते. आजार तोच, वर्षं साधारण तेवढीच, गोळ्यांचं नावसुद्धा तेच.

मला तेव्हा काय झालं ते मी स्पष्टच लिहिते. तो माणूस हसत होता. पंधरा वर्षांपूर्वीची भाकरी त्याला आठवत होती. बहिणीची थट्टा करत होता! माझ्या शेजारी माझा दादा बसला होता, दहावीला तालुक्यात पहिला आलेला, माझी गणितं तोंडी सोडवून देणारा दादा. आणि तो स्वतःच्या शर्टाची वरची गुंडी लावायची की नाही या विचारात होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण माझ्या मनात आलं ते असं: हा दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस, ह्याचं डोकं राहिलं आणि आमच्याचं गेलं. हे कुठल्या न्यायाने?

चाचण्या

चाचणी घेणारी मुलगी गोड होती. तिने दादाला शब्दांची यादी वाचून दाखवली आणि आठवतील तेवढे सांगायला सांगितलं. दादाने "बादली" म्हटलं. मग पुष्कळ वेळाने पुन्हा "बादली" म्हटलं. खुणा आणि आकडे जुळवायच्या कागदावर तो एकेका चौकोनाशी थांबत होता, गाडी फाटकाशी थांबावी तसा. मी दाराच्या काचेतून बघत होते. शेजारच्या खोलीतून हरीभाऊंचं मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं, "अजून हाय का? सांगा, सांगा."

मग माझी पाळी. मला वाटलं होतं, आपण मास्तरीण, आपल्याला काय त्याचं. पण शब्द निसटले. मुलगी वाचत होती तोवर सगळे ओळखीचे वाटले, आणि ती थांबल्यावर माझ्या हाती निम्मेही राहिले नाहीत. खुणांच्या कागदावर मी भरलेले चौकोन खोडून पुन्हा भरले. वनिताताई त्यांच्या खोलीतून हसत बाहेर आल्या, "शाळेत गेल्यासारखा वाटला!" आणि मला त्यांच्या त्या हसण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शेवडे भेटल्या. वयाने माझ्याएवढ्या, शांत आवाजाच्या. मी प्रास्ताविक न करता विचारलं, "आजार एकच. मग त्या हरीभाऊंचं डोकं शाबूत आणि माझ्या भावाचं का नाही?"

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "सुषमाताई, आपण समजतो की एक जनुक असतं, ते बिघडलं की आजार होतो आणि आजार झाला की बुद्धी जाते. तसं नाही ते. ह्या आजाराकडे झुकवणारी जनुकं ढिगाने आहेत, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. आणि स्मरणशक्ती किती, विचारांचा वेग किती, हे ठरवण्यात ज्यांचा हात असतो तीही ढिगाने आहेत. हे दोन ढीग थोडे एकमेकांत मिसळलेले आहेत, पण एकच नाहीत. दुसरा ढीग तुमच्या-माझ्यात, सगळ्यांतच असतो. आजार झाला म्हणून तो आपलं काम थांबवत नाही."

"मग आमचा दादा तर हुशार होता. त्याच्याकडे दुसरा ढीग चांगलाच असणार."

"असेल. पण जनुकं म्हणजे सगळं नव्हे. आजार कुठल्या वयात आला, उपचार किती उशिरा सुरू झाले, मधल्या काळात काय काय झालं, हेही असतं. आणि असंही असू शकेल की त्याच्यापाशी आज जे उरलंय, ते त्याच पुंजीतून उरलंय. ती नसती तर कदाचित एवढंही नसतं. पण हे मी कदाचित म्हणतेय. एकट्या माणसाचं रक्त तपासून त्याचं उत्तर मला देता येत नाही. पुष्कळ घरांचं एकत्र केलं की थोडंसं कळतं."

म्हणजे मला उत्तर मिळणार नव्हतं. मी ऋताचं विचारलं. मामाला असलं तर भाचीला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण अशा बहुतेक मुलांना आयुष्यात काही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी "बहुतेक" हा शब्द घट्ट धरून ठेवला. उठता उठता, मला तो विषय काढायचा नव्हता तरी, विचारलं, "आणि माझी चाचणी? मला काही आठवलं नाही."

"सख्ख्या भावंडांमध्ये कधी कधी त्याची फिकी सावली दिसते. आणि कधी कधी माणूस नुसता दमलेला असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही रात्री झोपता का नीट?"

मी बाहेर आले. बाकावर हरीभाऊ दादाला आपल्या गावाची गोष्ट सांगत होते: मिठागरं कुठे होती, खाडी कुठवर यायची, आता तिथे कुठला रस्ता आहे. दादा ऐकत होता की नाही कळत नव्हतं. हरीभाऊंना त्याने काही फरक पडत नव्हता.

वनिताताईंचं घर

त्या दिवशी दुपारी वनिताताई आम्हाला जेवायलाच घेऊन गेल्या. "बाहेरगावची माणसां तुमी, लॉजवर काय जेवताव?" गावातली जमीन विमानतळाकडे गेली, त्यानंतर गल्लीत तीनमजली घरं उभी राहिली आहेत. संगमरवरी जिना, आणि जिन्याखाली चूल. दिवाणखान्यात मोठा टीव्ही, पण माणसं सगळी मागच्या पडवीत.

जेवायला तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे वाल म्हणजे कडू म्हणून नाक मुरडतात. इथे ते मोड आणून, सोलून, नारळ घालून असे शिजवलेले होते की मी तीनदा वाढून घेतले. दादा माशाच्या वासाने कावराबावरा होईल असं वाटलं होतं. त्याने जवळ्याची चटणी बोटाने चाटून पुसून खाल्ली.

पण मी बघत होते ते दुसरंच. त्या घरात हरीभाऊंवर लक्ष ठेवायला एकट्या वनिताताई नव्हत्या. जाऊ होती, दोन सुना होत्या, समोरच्या घरातला चुलता होता. हरीभाऊ उठून दाराबाहेर गेले की कुणीतरी नुसती मान वळवून बघायचं आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. गल्लीतले लोक हाक मारायचे, "हरी, जेवलास का?" आमच्या सोसायटीत दादा जिन्यात दिसला की लोक आपल्या मुलांना आत बोलावतात. माणसाला दुसऱ्याच्या पैशाचा हेवा वाटतो, रूपाचा वाटतो. मला एका वेड्या माणसाच्या बहिणीचा वाटत होता.

निघताना त्या म्हणाल्या, "उद्या आमी आपट्याला जाताव, पोपटी हाय. या तुमी पण."

मी नको म्हणणार होते. दादा म्हणाला, "जाऊ या." तो आपणहून एवढं बोलला म्हणून आम्ही गेलो.

आपटा

पोपटी म्हणजे काय हे घाटावरच्या माणसाला सांगायचं तर आमच्या हुरड्याचा समुद्राकाठचा भाऊ म्हणता येईल. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा रानपाला घालायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. जरा वेळाने मडकं काढून ओतलं की शेंगांतून जी वाफ येते, तिला पाल्याचा एक रानटी, गोडसर वास असतो. हुरड्याला तो नाही. हे मला कबूल करावं लागलं.

वनिताताईंच्या दिराचं शेत पाताळगंगेला लागून आहे. दुपार कलली होती, नदीचं पाणी स्वच्छ, उथळ, खाली गोटे दिसत होते. केळीच्या पानांवर सगळं ओतलं आणि भोवती बसून आम्ही खायला लागलो. हरीभाऊंनी दादाला शेंग कशी सोलायची ते दाखवलं. मग ते गप्प झाले. मी जेवण्यात होते, मला कळलं नाही. वनिताताईंचा हात मात्र पानावरच थांबला.

"अंड्याला हा कसला वास हाय?" हरीभाऊ म्हणाले.

"पाल्याचा वास हाय, हरी."

"पाल्याचा नाय. तूच कायतरी टाकलास. गेल्या गणपतीन तू जावेशी माडीवर बोलत व्हतीस, मी जिन्यान व्हतो. तवा काय बोललीस? 'किती दिवस याचा करायचा.' आईच्या बाराव्याला काका काय बोलला? मना सगला आठवतंय. कुणी कवा काय बोलला, सगला!" ते उभे राहिले, पान लाथेने उडवलं. मग मान वळवून, जिथे कुणी नव्हतं तिकडे बघत ओरडले, "हां, ऐकतोय मी! जातो!" आणि सरळ नदीत शिरले.

पाणी गुडघ्याएवढं होतं, पण पुढे डोह आहे असं दीर म्हणाले. दोघं पुरुष धावले. हरीभाऊंनी पाण्यातला धोंडा उचलला, तेव्हा धावणारे काठाशीच थांबले. वनिताताई हाक मारत होत्या, पण त्यांच्या आवाजाने हरीभाऊ आणखीच चिडत होते.

या गोंधळात माझं दादाकडे लक्ष नव्हतं. थोड्या वेळापूर्वी मी त्याला म्हटलं होतं, "झालं ना खाऊन? हात धुऊन ये." तो उठायला नेहमीसारखा वेळ लावून आता उठला होता आणि शांतपणे नदीकडे चालला होता. मी ओरडले. त्याने ऐकलं नाही. चपलांसकट तो पाण्यात उतरला, हरीभाऊंच्या अगदी शेजारी, त्यांच्या हातातल्या धोंड्याच्या खाली, वाकला आणि हात धुवायला लागला. एक हात, मग दुसरा. बोटांच्या मधून, तो धुतो तसे, सावकाश.

हरीभाऊ ओरडायचे थांबले. त्याच्याकडे बघत राहिले. दादाचा पाय गोट्यावरून जरा सरकला. हरीभाऊंनी धोंडा पाण्यात टाकला आणि त्याचा दंड धरला.

"सावकाश," ते म्हणाले. "शेवाल हाय तिथं."

दादाने हात झटकले. मग दोघं हळूहळू काठाला आले, हरीभाऊ पुढे आणि दादा त्यांच्या हाताला धरून. दिरांनी टॉवेल दिला. हरीभाऊ पाठ करून बसले आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी आणि वनिताताई जरा बाजूला, शेताच्या बांधावर बसलो.

"असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"रातचा जास्त. झोपत नाय तो. जिन्यान बसून र्‍हातो, कोण काय बोलतंय ऐकत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "डॉक्टरीण बोलली, याचा डोका चांगला हाय. चांगला हाय ना, म्हनून तर. एक बोललेला विसरत नाय. सगला जोडत बसतो, मग त्यातशी काय काय काढतो. एकदा माझ्या सुनेच्या अंगावर गेलता." मग त्या म्हणाल्या, "राग नको मानू हां. तुमचा दादा बगला की मना तुमचा हेवा वाटतो. शांत हाय. निजतो. तुमाला भिवाला नाय लागत."

दोन दिवस मी ज्या बाईवर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. मला सांगावंसं वाटलं की तुम्हाला काय माहीत, माझ्याशी महिनोन्महिने कुणी एक पूर्ण वाक्य बोलत नाही. मला भांडायला तरी कुणीतरी हवंय. पण त्यांच्या मनगटावर एक जुना, वेडावाकडा व्रण होता. तो मी इतका वेळ पाहिलाच नव्हता.

"मलाही तुमचा वाटत होता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कशाचा?"

"हरीभाऊ बोलतात त्याचा."

त्या जरा हसल्या, मग रडल्या. मला वाटतं आम्ही एकमेकींचं दुखणं खरोखर बदलून घेतलं असतं, तर आठवड्याच्या आत परत मागितलं असतं. पण हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा आम्ही नुसत्या बसून राहिलो, आणि कुणीतरी उरलेल्या शेंगा पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या.

सिन्नर

परतीच्या गाडीत दादा खिडकीला डोकं टेकून झोपला. घोटीच्या पुढे थंडी वाजायला लागली तशी मी त्याच्या अंगावर शाल घातली. घरी ऋताने दार उघडलं आणि मामाच्या हातातली पिशवी घेतली. शेंगा गार झाल्या होत्या, तरी तिने सगळ्या खाल्ल्या. त्या रात्री तिच्या बंद दाराबाहेर मी उभी राहिले नाही. दुसऱ्या रात्री राहिले.

रुग्णालयाकडून अजून काही कळलेलं नाही, आणि कळणार ते माझ्या घराबद्दल नसेल हे मला आता माहीत आहे. पुष्कळ घरांत आमचंही एक.

होळीच्या आसपास एका संध्याकाळी वनिताताईंचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. हरीभाऊंच्या गोळ्या बदलल्या आहेत, झोप जरा लागते, असं त्या म्हणाल्या. मग मागून आवाज आला, "श्रीधरदादाला दे ना." वनिताताई म्हणाल्या, "मागं लागलाय कवापासून."

दादा फोनवर बोलत नाही. मी तसं सांगितलंही. तरी फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून हरीभाऊ अखंड बोलत होते, मला नुसती कुजबुज ऐकू येत होती. दादा ऐकत उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा हात अवघडला म्हणून मी फोन काढून घ्यायला गेले, तर त्याने तो स्वतःच्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. आणि मग दादा हसला. मोठ्याने नाही, पण आवाज होईल असा. हा आवाज मी त्याच्या कॉलेजच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले रे?"

"काही नाही," दादा म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.

मी त्याच्यासाठी इतकी वर्षं गोळ्या मोजल्या, नखं कापली, शर्टाच्या गुंड्या लावल्या, आणि तो हसला तो पनवेलच्या एका माणसाशी, ज्याच्याशी त्याची ओळख उणीपुरी तीन दिवसांची होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि जेवणाची भांडी इतकी जोरात घासली की ऋता बाहेर येऊन म्हणाली, "आई, काय झालं?"